जरा ‘आ’ करा पाहू!

कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, ते मागे एकदा याच पानावर लिहिलं होतं. त्यावर पंचवटीहून एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, “सगळे डबे उन्हात काढले. हरभऱ्याच्या डब्यात दोनच दाणे किडके निघाले. वेळेवर पाहिलं म्हणून पाच किलो हरभरा वाचला.”

पत्र वाचून बरं वाटलं. पण मग मनात आलं, आपण हरभऱ्याचा दाणा न् दाणा पाहतो, लोणच्याच्या बरणीवर बुरशी आली का ते पाहतो, पोराच्या डोक्यातली ऊ शोधतो. पण घरातल्या कर्त्या माणसाच्या तोंडात कधी उजेडात डोकावून पाहतो का? किंवा आरशात स्वतःच्या?

म्हणून आजचा विषय पाककृतीचा नाही की विणकामाचा नाही. जरा कडू आहे, पण शेवटपर्यंत वाचा. दुपारची आवराआवर झाली की वाचा, आणि यजमान घरी आले की त्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवा.

दोन पातेल्यांची गोष्ट

२००६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमचे मोठे दीर नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते. माणूस लाखात एक. कुणाचं दुखलं-खुपलं की आधी धावणार. सवय एकच. तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावून अंगठ्यानं मळायची आणि चिमूट डाव्या गालात धरून ठेवायची. विसाव्या वर्षापासूनची सवय. “पोट साफ राहतं, दात दुखत नाहीत,” हे वर ठरलेलं समर्थन.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी मी जाऊबाईंकडे जेवायला गेले होते. पानं वाढायला आत गेले, तर ओट्यावर दोन पातेली. एकात आमच्यासाठी झणझणीत भाजी, दुसऱ्यात फिक्कट, बिनतिखटाची. आमचे भाऊजी म्हणजे ठेच्याशिवाय भाकरीला हात न लावणारे! मी विचारलं, “ताई, भाऊजींना काही पथ्य सांगितलंय का?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या, “हल्ली तिखट लागलं की तोंडाची आग होते म्हणतात. दिवाळीपासून त्यांचं वेगळंच करते.”

आणि मी काय म्हणाले असेन? “उष्णता झाली असेल, गुलकंद द्या.” हो, मीच म्हणाले. आज दर आठवड्याला तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी मी!

गुलकंद झाला. जाईचा पाला चघळून झाला. ज्येष्ठमध झालं, गालाला आतून तूप लावून झालं. फिक्कट भाजीच्या जागी दूध-भाकरी आली, पोळीचे तुकडे बारीक होत गेले. फेब्रुवारीत एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी न लावताच “दाताचं टोक लागतंय” म्हणून मलम दिलं. तेवढ्यात पुतणीचं लग्न वैशाखात ठरलं. मग काय, “कार्य पार पडू दे, मग बघू.” लग्नाच्या अल्बममध्ये भाऊजी हसताहेत, पण डावा गाल सुजलेला स्पष्ट दिसतो. आम्ही सगळे तेव्हा त्यांच्या शेजारीच उभे होतो. कुणाला दिसला नाही.

ज्येष्ठात पंचवटी एक्सप्रेसनं दादर, आणि तिथून परळला टाटा हॉस्पिटल. तोवर जखम जबड्याच्या हाडापर्यंत गेली होती, मानेत गाठ आली होती. अर्धा जबडा काढावा लागला. छातीचं मांस घेऊन गाल शिवला. मग शेक दिले. नाकातून नळी घातली. ज्या हातांनी जाऊबाई ठेचा कुटायच्या, त्याच हातांनी वरण गाळून गाळून नळीत सोडायच्या. २००८ ची दिवाळी भाऊजींनी पाहिली नाही. बावन्न वर्षांचं वय.

दिवस झाल्यावर एका संध्याकाळी जाऊबाई मला म्हणाल्या, “सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं गं. दिवाळीपासून कळलं होतं. पण मी नुसतं तिखट कमी केलं.”

मैत्रिणींनो, ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. आजचा सगळा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. हा रोग दवाखान्यात कळण्याआधी स्वयंपाकघरात कळतो. कुणाचं तिखट सुटलं, कुणाची पोळी दुधात गेली, कोण एकाच बाजूनं चावतं, हे आपल्यालाच आधी दिसतं. दिसलं की तिखट कमी करून थांबायचं नाही. माणसाला उजेडात बसवून म्हणायचं, “जरा ‘आ’ करा पाहू!”

आपल्याकडेच इतका का?

२०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रोगी झाले. पुरुषांमध्ये तर हा आपल्या देशात सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. कारण काही पूर्वजन्मीचं पाप नाही, आणि नजरही नाही. कारण आपल्या खिशात आणि फडताळात असतं.

तंबाखूत कर्करोग निर्माण करणारी द्रव्यं असतात. चुन्यामुळे गालाची आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि तंबाखूतलं निकोटिन भराभर रक्तात जातं. म्हणून तर चुना लावल्याशिवाय ‘लागत’ नाही. चिमूट जिथं धरून ठेवायची सवय, नेमक्या त्याच जागी, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, आपल्याकडे हा रोग पुष्कळदा सुरू होतो. विडी-सिगारेटनंही होतो. तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर धोका नुसता दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढतो.

आणि सुपारी? “आमचे हे तंबाखू खात नाहीत हो, नुसती सुपारी,” असं सांगणाऱ्या भगिनी पुष्कळ भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००३ साली सर्व पुरावे तपासून निर्वाळा दिला, की तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करू शकते. पूजेची सुपारी देवापुढे राहू द्या. ती रोज गालात ठेवण्यासाठी नाही.

गुटख्यावर आपल्या राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी पुड्या मिळतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पँट धुवायला टाकताना खिसे आपणच तपासतो.

मोठ्या माणसांनाही चुकला नाही

पैसा, पद, ओळखी असल्या म्हणजे हा रोग दारातून परत जातो असं नाही. श्री. शरद पवार यांना २००४ साली, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, तोंडाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाल्या, उपचारांचा त्रास सोसला, आणि त्यानंतर दोन दशकं ते राजकारणात वावरले. सुपारी-तंबाखूच्या सवयीची किंमत आपण मोजली, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. उलट आपले माजी गृहमंत्री श्री. आर. आर. पाटील, सगळ्या महाराष्ट्राचे ‘आबा’, याच रोगानं १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले. वय सत्तावन्न. त्यांनाही तंबाखूची सवय होती.

ही नावं कुणाला दोष द्यायला घेतलेली नाहीत. “आमच्या आजोबांनी नव्वद वर्षं तंबाखू खाल्ली, काही झालं नाही,” असं जेव्हा यजमान म्हणतील, तेव्हा उत्तर तयार असावं म्हणून सांगितली.

काय दिसलं तर सावध व्हायचं?

ही यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

१. तोंडातला छाला किंवा जखम पंधरा दिवसांत बरी न होणं. दुखत नसली तरी! सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही, तिथंच माणूस फसतो.

२. गालात, हिरडीवर, जिभेवर किंवा जिभेखाली पांढरा चट्टा, जो बोटानं पुसून जात नाही. लाल मखमलीसारखा चट्टा असेल तर अधिकच घाई करायची.

३. तिखट, गरम लागलं की आग होणं. एरवी तिखट खाणारा माणूस फिकं मागू लागणं.

४. तोंड पूर्वीएवढं न उघडणं. पाणीपुरी तोंडात न जाणं, घास लहान होणं.

५. गालात किंवा ओठात गाठ, टणकपणा. मानेत बाहेरून हाताला लागणारी गाठ.

६. हिरडी चांगली असताना एखादा दात हलू लागणं, कवळी एकाएकी न बसणं.

७. गिळताना अडखळणं, आवाज बदलणं, कारण नसताना कान दुखणं, जीभ किंवा ओठ बधिर होणं.

यातलं काही दिसलं म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही. दहा जणांचं तोंड येतं, दहाही जणांचं बरं होतं. जागरणानं, पोट बिघडल्यानं, दाताचं टोक लागूनही छाला येतो. पण त्याला मुदत पंधरा दिवसांची. दाताचं टोक घासून दिल्यावरही पंधरा दिवसांत जखम भरली नाही, तर “दाताचं असेल” हे उत्तर आपण मानायचं नाही. कॅलेंडरवर दूध-पेपरची खूण करतो ना, तशीच ज्या दिवशी छाला दिसला त्या तारखेला खूण करा. सोळाव्या दिवशी दवाखाना. मग घरात लग्न असो, मुंज असो की दहावीची परीक्षा असो.

घरी कसं पाहायचं?

महिन्यातला एक दिवस ठरवून टाका. संकष्टी म्हणा, नाही तर पहिला रविवार म्हणा. पाच मिनिटांचं काम आहे.

खिडकीपाशी किंवा गॅलरीत, भरपूर उजेडात बसा. हात धुवा. खळखळून चूळ भरायला सांगा. कवळी असेल तर काढायला लावा. जवळ एक लहान बॅटरी आणि स्वच्छ फडकं.

आधी ओठ. वरचा उचलून आणि खालचा उलटवून आतून पाहा. मग गाल. बोटानं बाहेर ओढून गाल आणि हिरडीमधली खाच मागच्या दाढेपर्यंत पाहा. तंबाखू ज्या बाजूला धरतात ती बाजू दोनदा. मग जीभ बाहेर काढायला सांगून फडक्यानं टोक धरा, आणि दोन्ही कडा पाहा. जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा पाहा. मान मागे करून टाळू पाहा. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवून गाठ लागते का ते पाहा.

आता बोटांची परीक्षा. ज्याचं तोंड, त्याचीच तीन बोटं, एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही सहज गेली तर ठीक. दोनच गेली तर डॉक्टरांना दाखवायचं.

स्वतःचं तोंड आरशात असंच पाहायचं. आपल्याला कोण पाहणार? आपणच.

एक लक्षात ठेवा. हे घरचं पाहणं म्हणजे डॉक्टरी तपासणी नव्हे. शंका आली की निर्णय आपण करायचा नाही. आणि काही दिसलं नाही, तरी तंबाखू-सुपारी खाणाऱ्यानं अधूनमधून दाताच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यावं.

नुसतं पाहून काय होणार?

असं वाटेल खरं. पण ऐका. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. सुमारे १ लाख ९० हजार माणसं त्यात होती. काही गावांतल्या लोकांची तोंडं, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन, नुसत्या उजेडात डोळ्यांनी तपासली. काही गावांत अशी खास तपासणी झाली नाही. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये, तपासणी झालेल्या गावांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले. मोठी यंत्रं नाहीत, सुया नाहीत. उजेड आणि शिकलेले डोळे, बस्स.

कारण सरळ आहे. पोटातला रोग दिसत नाही, तोंडातला दिसतो. लहान असताना सापडला तर बहुधा तेवढा भाग काढून भागतं, आणि बहुतेक माणसं बरी होऊन कामाला लागतात. हाडापर्यंत गेला की जबडा जातो, शेक, सलाईन, महिनोन् महिने मुंबईच्या चकरा, आणि एवढं करूनही खात्री नाही.

जायचं कुठं?

सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाच्या तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी विनामूल्य व्हावी अशी योजना आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात ना, “तंबाखू खाता का? तोंडात जखम आहे का?” असं विचारतात ना, ते त्याचसाठी. त्यांना दारातून “आमच्याकडे कुणाला काही नाही” म्हणून पाठवू नका. खरं सांगा.

नाशिककरांना तर सोय हाताशी आहे. त्र्यंबक रस्त्यावरचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, नाशिकरोडचं महापालिकेचं बिटको रुग्णालय आहे, पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. तुमच्या गावी जवळचं आरोग्य केंद्र किंवा दाताचे डॉक्टर. जाऊन एवढंच म्हणायचं, “तोंडाच्या कर्करोगासाठी तपासून द्या. उजेड लावून सगळं तोंड बघा.” लाजायचं नाही.

पुढं मुंबईला जायची वेळ आलीच, तर परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून हेच काम करत आहे. राहण्याची चिंता असते. आपल्या गोदाकाठी जशी गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तशी दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि तिथं कर्करोगाच्या रुग्णांची व नातेवाइकांची राहण्याची सोय होते. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

मनातली भीती

“तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. हत्यार लागायला नको.” हे वाक्य मी किती घरांतून ऐकलं असेल! हे खरं नाही. तपासणीसाठी तीळ-तांदळाएवढा तुकडा काढतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय रोग कोणता ते नक्की कळत नाही. तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. तुकडा न काढता सहा महिने काढले की पसरतो.

“एका ताटात जेवलं, पेला उष्टा झाला तर लागतो का?” नाही. हा रोग असा लागत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवून त्याला जिवंतपणी परकं करू नका.

आणि आपण?

आतापर्यंत वाचताना मान डोलवत असाल, “पुरुषांनाच वाईट खोडी!” थांबा. २०१६-१७ सालच्या केंद्र सरकारच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढ स्त्रियांत सतराजणी तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. आपण विडी ओढत नाही, पण मिसरी लावतो. कुणी मशेरी म्हणतात. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबी भरायची आणि दाताला लावून अर्धा-अर्धा तास बसायचं. “मिसरी म्हणजे काही तंबाखू नव्हे,” असं आमच्या सासूबाईसुद्धा म्हणत. तंबाखूच ती! भाजल्यानं तिचा गुण जात नाही, उलट वाईट द्रव्यांची भर पडते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्यानं बंदी आहे. जे बाजारात विकायला बंदी, ते आपण घरी भाजून लावतो.

जाऊबाईही लावायच्या. भाऊजी गेल्यावर तर जास्तच. “आता मला दुसरं काय राहिलंय?” म्हणायच्या. २०११ सालच्या संक्रांतीला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा हट्टानं त्यांना खिडकीत बसवलं. “ताई, ‘आ’ करा.” त्या हसल्या, पण केलं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, नखाएवढा पांढरा, खरखरीत चट्टा. फडक्यानं पुसला, गेला नाही. माझे हात थरथरले. पण या वेळी मी गुलकंद सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं दंत महाविद्यालयात. तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरचं पाऊल होतं. डॉक्टरांनी तेवढा चट्टा काढून टाकला. मिसरीची डबी जाऊबाईंनी स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या गाडीत टाकली. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, पोट साफ होईना. कोमट पाणी, पेरू-पपई, सकाळचं चालणं आणि तोंडात लवंग किंवा वेलदोडा, यांवर ते दिवस काढले. ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवली नाही. आज त्या नातवंडांना भाकरी-ठेचा करून घालतात, आणि स्वतःही खातात. एकाच पातेल्यातला.

पत्रपेटीतून

सिडकोतल्या एक भगिनी लिहितात: “तपासणीचं नाव काढलं की यजमान चिडतात. काय करू?”

उ. — कर्करोग हा शब्दच काढू नका. “मला दात दाखवायचेत, सोबत चला,” म्हणून न्या, आणि तिथं डॉक्टरांनाच “यांचंही बघा” म्हणा. पहिलं तोंड तुम्ही उघडा. घरात महिन्याची पाहणी सुरू केलीत तर मुलांपासून सुरू करा, मुलांनी “बाबा, आता तुम्ही!” म्हटलं की बाबांचं चालत नाही. आणि त्यांना सवय सोडायची इच्छा झाली, तर १८००-११-२३५६ या विनामूल्य सरकारी क्रमांकावर सल्ला मिळतो. तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. भांडून कुणाची तंबाखू सुटत नाही, पण एकदा सोडून पुन्हा लागली म्हणून हिणवूही नका. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर सुटू शकते.

सातपूरच्या एक आई लिहितात: “मुलगा एकोणीस वर्षांचा, कंपनीत लागलाय. मित्रांबरोबर मावा खातो. हल्ली तोंड कमी उघडतं, तिखट सोसत नाही.”

उ. — बाई, हे पत्र वाचून होताच त्याला घेऊन निघा. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ आणि पांढरट होत जाते, तोंड आवळत जातं. हा कर्करोग नव्हे, पण त्याची पूर्वसूचना आहे. आवळलेलं तोंड पूर्ण पूर्ववत होणं कठीण, पण मावा आज बंद केला तर पुढचं नुकसान थांबू शकतं. डॉक्टर औषधं आणि तोंडाचे व्यायाम सांगतील. त्याला रागावू नका. पाणीपुरीच्या गाडीवर न्या, एक पुरी हातात द्या, आणि बघा म्हणावं आता तूच. पोरं एवढ्यानं समजतात.

यंदाचं वाण

शेवटी एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लुटायचं, हा दरवर्षीचा प्रश्न. चमचे झाले, वाट्या झाल्या, प्लॅस्टिकचे डबे तर माळ्यावर मावेनात. यंदा एक लहानशी बॅटरी लुटा. सोबत कागदाच्या चिठ्ठीवर वरची सात लक्षणं लिहून द्या. मी गेल्या वर्षी लुटली. बायका आधी हसल्या. पण आठ दिवसांनी समोरच्या वाड्यातल्या काकूंनी जिन्यावरून हाक मारली, “अगं, तुझ्या बॅटरीनं काल आमच्या घरात सगळ्यांची तोंडं पाहिली. सासूबाईंनी तर मिसरीची डबी लपवली!”

डबी लपवली, म्हणजे तिच्यात काहीतरी वाईट आहे हे कळलं. सुरुवात झाली.

तर मैत्रिणींनो, आज रात्री पानं वाढताना जरा लक्ष द्या. कोण तिखट टाळतंय? कोण एका बाजूनं चावतंय? दिसलं, तर दुसरं पातेलं चढवू नका. उद्या सकाळी खिडकी उघडा, उजेडात खुर्ची ठेवा आणि हक्कानं सांगा:

“जरा ‘आ’ करा पाहू!”